विषय : कोथरूडचा निम्मा फ्लॅट आणि रेडिंगचे घर

मंडळाच्या सर्व सभासदांस,
स.न.वि.वि.

रेडिंगमधील एका घरासाठी आम्हा पतिपत्नींनी दिलेली ४,५०,००० पौंडांची ऑफर गेल्या आठवड्यात मान्य झाली. हे आमचे इंग्लंडमधील पहिलेच घर असल्याने ‘फर्स्ट टाइम बायर’ची सवलत गृहीत धरून स्टँप ड्यूटीचे ७,५०० पौंड बाजूला ठेवले होते. काल सॉलिसिटरची प्रश्नावली आली. जगात कोठेही तुमच्या मालकीचे घर आहे किंवा होते काय, असा प्रश्न तिच्यात आहे. माझे वडील २ वर्षे ८ महिन्यांपूर्वी वारले. आई त्यांच्या आधीच गेली होती. त्यांचा कोथरूडचा फ्लॅट आता बहिणीचा आणि माझा निम्मा निम्मा आहे, परंतु सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून एकट्या बहिणीचे नाव आहे आणि शेअर सर्टिफिकेटवर अजून वडीलच आहेत. अशा परिस्थितीत ‘नाही’ असे उत्तर दिले तर चालेल काय? तसेच, ऑफर मान्य झाल्यावरही विक्रेता मागे फिरू शकतो, असे ऐकले. ते खरे आहे काय?

आपला,
रेडिंगचा एक सभासद

---

प्रिय सभासद,
सप्रेम नमस्कार.

मी एका सॉलिसिटरच्या कचेरीत घरांच्या खरेदीविक्रीचे काम अनेक वर्षे केले आणि आता निवृत्त आहे. तेव्हा हा सल्ला फुकटचा समजावा आणि शेवटचा शब्द तुमच्या सॉलिसिटरचा मानावा.

‘नाही’ असे कृपा करून लिहू नका. महाराष्ट्रात सोसायटीचा नॉमिनी हा फ्लॅटचा मालक ठरत नाही. मालकी वारसांकडे जाते, आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायचे राहिले म्हणून तुमचा वारसाहक्क नाहीसा होत नाही. इंग्लंडचा कायदा ‘पहिले घर’ म्हणताना इंग्लंडमधील पहिले घर पाहत नाही. जगात कोठेही, विकत, भेट म्हणून किंवा वारशाने, पूर्वी घराची मालकी मिळाली असेल तर ती सवलत जाते. दोघे मिळून घेत असाल तर दोघेही ‘फर्स्ट टाइम बायर’ असावे लागतात. त्यामुळे तुमच्या पत्नीच्या नावावर आजवर एक वीटही नसली, तरी ७,५०० पौंडांचा तुमचा हिशेब मोडला.

खरी काळजी मात्र वेगळीच आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या साध्या दराने पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के आणि उरलेल्या २,००,००० वर ५ टक्के, म्हणजे तुम्हाला १२,५०० पौंड पडतील. दुसरे घर घेणाऱ्याला मात्र ३१ ऑक्टोबर २०२४ पासून संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार आहे. तो लागू झाला तर त्यात २२,५०० ची भर पडून आकडा ३५,००० वर जातो. आपल्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंडांच्या आत असेल तर तो हिस्सा मोजत नाहीत, पण कोथरूडचे सध्याचे भाव पाहता त्या आशेवर राहू नये. तुम्हाला वाचवणारी तरतूद निराळी आहे. वारशाने मिळालेला हिस्सा निम्म्याहून अधिक नसेल आणि तो मिळून ३ वर्षे झालेली नसतील, तर अधिभारासाठी तो धरत नाहीत. तुमचा हिस्सा बरोबर निम्मा आहे आणि वडिलांना जाऊन २ वर्षे ८ महिने झाले आहेत. याचा अर्थ असा, की ताबा मिळण्याचा दिवस, म्हणजे कंप्लीशन, येत्या ४ महिन्यांच्या आत आले पाहिजे. तुम्ही ज्यांच्याकडून घेता ते स्वतः दुसरीकडे घर घेत असतील, आणि त्यांचे विक्रेते तिसरीकडे, तर त्या साखळीत कोणाचेही कर्ज अडकले की ४ महिने कसे निघून जातात ते कळतसुद्धा नाही. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे जे कागद असतील ते आजच सॉलिसिटरकडे द्या, आणि ही मुदत त्यांना पहिल्याच पत्रात लेखी कळवा. ‘घर एकट्या पत्नीच्या नावावर घ्या, म्हणजे अधिभार टळेल’ असे कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल (आपल्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत मी ते स्वतः ऐकले आहे). तसे होत नाही. एकत्र राहणाऱ्या पतिपत्नींची घरे अधिभारासाठी एकत्रच मोजतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : होय, विक्रेता आज मागे फिरू शकतो आणि तुम्हीही फिरू शकता. १९८९ च्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या विक्रीचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. एजंटाने फोनवर केलेले अभिनंदन म्हणजे करार नव्हे. दोन्ही सॉलिसिटरांनी सह्या झालेल्या प्रतींची अदलाबदल केली, म्हणजे एक्स्चेंज झाले, की व्यवहार बांधला जातो. त्याच वेळी साधारणपणे १० टक्के रक्कम द्यावी लागते, आणि तुमच्या चुकीने व्यवहार मोडला तर ती जाऊ शकते. कंप्लीशनची तारीखही त्याच करारात पक्की होते, म्हणून तुमच्या बाबतीत किंमत आणखी हजार पौंडांनी उतरवण्यापेक्षा एक्स्चेंज लवकर होणे मोलाचे आहे. प्रचलित करारात एक्स्चेंजपासून घराची जोखीम सहसा खरेदीदाराकडे येते. विमा त्याच दिवसापासून उतरवा, किल्ली मिळण्याची वाट पाहू नका.

कळावे,
एक निवृत्त सभासद

---

आदरणीय काकांस, सा.न.

याच विषयाला जोडून विचारते. आम्ही हॅरोमधील राहते घर विकत आहोत. २०११ साली स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांमधील भिंत पाडली, पण तिचे बिल्डिंग कंट्रोलचे, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांप्रमाणे झाल्याचे, प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. मागच्या कुंपणावरून शेजाऱ्यांशी दोन पत्रांची देवाणघेवाणही झाली होती. आता बोलणे गोडीचे आहे. विक्रेत्याच्या फॉर्मवर हे सारे लिहिणे आवश्यक आहे काय? काउन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, फोन करून भिंतीचे विचारू का?

आपली,
हॅरोची एक सभासद

---

ताई,
सप्रेम नमस्कार.

काउन्सिलला आत्ताच फोन करू नका. आधी सॉलिसिटरशी बोला. जुन्या कामाला प्रमाणपत्र नसेल तर पुष्कळदा एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी घेऊन व्यवहार पुढे नेतात, परंतु काउन्सिलशी त्याबाबत आधी संपर्क झालेला असेल तर अशी पॉलिसी बहुधा मिळतच नाही. अर्थात पॉलिसी भिंतीला आधार देत नाही. भिंत भार वाहणारी होती आणि वर तुळई बसवली असेल, तर खरेदीदाराचा सर्व्हेअर तेथेच थांबून वर पाहील. त्या वेळचे इंजिनिअरचे हिशेब किंवा बांधकाम करणाऱ्याचे बिल सापडले तर शोधून ठेवा. काउन्सिलकडून मागाहून काम नियमित करून घेण्याचाही मार्ग आहे, पण तो निवडला की पॉलिसीचा मार्ग सोडावा लागतो, आणि छताचे प्लास्टर थोडे उघडून दाखवावे लागू शकते.

कुंपणाचे अवश्य लिहा. टीए६ नावाच्या त्या फॉर्ममध्ये शेजाऱ्यांशी झालेल्या वादांविषयी थेट विचारणा असते, आणि वाद मिटला म्हणून उत्तर ‘नाही’ होत नाही. वाद कधी झाला, कसा मिटला, हे दोन ओळींत लिहून दोन्ही पत्रांच्या प्रती जोडा. मिटलेल्या कुंपणावरून खरेदीदार क्वचितच माघार घेतो. परंतु लपवलेले पत्र ताबा दिल्यानंतर शेजाऱ्याकडूनच त्याच्या हाती पडले, तर १९६७ च्या चुकीच्या निवेदनाच्या कायद्याखाली तो नुकसानभरपाई मागू शकतो. उत्तरे तुमच्या सहीची असतात, एजंटाच्या नव्हेत. फॉर्म भरून झाला की पेन्सिलीने खूण करून एक प्रत मला दाखवलीत तरी चालेल.

कळावे,
एक निवृत्त सभासद