नवा राऊटर घेण्याआधी आहे त्याची जागा बदला : पटतंय का?

अबोली, डोंबिवली

आमच्याकडे इंटरनेटचा २०० एमबीपीएसचा (हे वेगाचं माप, खालचे आकडेही त्यातलेच) प्लॅन आहे. फायबरचा डबा दाराशी, चपलांच्या कपाटावर, कारण जोडणी करायला आलेल्या मुलाला तीच जागा जवळ पडली. मागच्या खोलीत लेक बारावीची टेस्ट सिरीज देते. तिथे स्पीड कधी १८, कधी १२. पेपर सबमिट करताना नुसतं चक्र फिरत राहायचं, पोरगी अगदी रडकुंडीला यायची.

दुकानदार म्हणाला, सहा अँटेनावाला घ्या. साडेपाच हजार मोजले आणि तो त्याच चपलांच्या कपाटावर ठेवला. मागच्या खोलीत २६. बस, एवढाच फरक.

मग भावाने १५ मीटर कॅट सिक्स, म्हणजे नेटची लॅन केबल आणली, पॅसेजच्या स्कर्टिंगच्या कडेने नेली आणि राऊटर मधल्या खोलीत उंचावर बसवला. आता लेकीच्या टेबलावर १८० च्या खाली येत नाही. मला राहवेना, म्हणून माळ्यावरचा जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांचा) राऊटर काढून त्याच केबलला लावून पाहिला. त्यानेही १५० दिले! म्हणजे पैसे चुकीच्या गोष्टीवर गेले.

आमची इमारत १९८४ ची, नऊ इंची विटांच्या भिंती. दारापासून मागच्या खोलीपर्यंत अशा तीन भिंती आणि वाटेत एक लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झची लहर तिथवर पोचता पोचता मरते, मग फोन २.४ वर उतरतो, आणि त्या पट्ट्यावर आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी. राऊटरने किती जोरात बोलायचं याला सरकारी मर्यादा आहे, ती महागड्यालाही लागू. शिवाय फोनलाही उलट उत्तर द्यायचं असतं, आणि त्याची अँटेना केवढीशी! बाहेर सहा काड्या लावून ती मोठी होत नाही.

म्हणून माझं म्हणणं: आधी केबल आणि जागा. राऊटर त्यानंतर.

घाटमाथा, कोथरूड

ताई, तुमचा अनुभव खरा, पण त्यावरून सगळ्यांना "नवा घेऊ नका" सांगणं मला पटत नाही.

आमचं तीन मजली रो-हाऊस. फोन, लॅपटॉप, दोन टीव्ही, चार कॅमेरे, गीझरचं स्मार्ट प्लग धरून २३ उपकरणं. कंपनीने फुकट दिलेला डबा फक्त २.४ वाला, वायफाय ४, म्हणजे जुन्या पिढीचा. त्याच्या शेजारी उभं राहिलं तरी फोनच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड (फोन आणि राऊटरमधल्या जोडणीचा वेग) ७२. मध्ये भिंत नाही, कपाट नाही, हातभर अंतर, तरी ७२! प्रत्यक्षात हाती पडायचे ४०-४५. प्लॅन ३०० चा. आता सांगा, तो डबा मी कुठे हलवू म्हणजे ३०० मिळतील?

वायफाय ६ चा राऊटर आणला, लिंक १२०१ झाली, हॉलमध्ये २९० मिळतात. आणि नुसत्या आकड्याची गोष्ट नाही. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीची रांगेत. वायफाय ६ मध्ये तोच चॅनल कापून एकाच वेळी अनेकांना वाटता येतो, अर्थात समोरचं उपकरणही वायफाय ६ चं हवं. २०१९ पासून बाजारात असलेली गोष्ट आहे, आता आवाक्यात आली आहे. आजच्या तारखेला वायफाय ४ चा डबा सांभाळत बसण्यात काय अर्थ?

अबोली

तुमचा ७२ चा मुद्दा मान्य. शेजारी उभं राहूनही कमी येत असेल तर दोष डब्याचाच. पण तुम्ही हॉलचा आकडा दिलात. तिसऱ्या मजल्यावर किती मिळतात तेही सांगा.

घाटमाथा

तिसऱ्यावर २२.

तारजोड, नाशिक

मी ११ वर्षं जोडण्या करतोय. दोघांचंही ऐकलं. तुम्ही दोघं ज्याच्याकडे बघतही नाही ती गोष्ट म्हणजे राऊटरच्या मागचं केबलचं भोक, म्हणजे पोर्ट.

ड्युअल बँड, १२०० एमबीपीएस असं खोक्यावर ठळक छापलेले स्वस्त राऊटर मिळतात. १२०० म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून वर गोळाबेरीज. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्याला ती बेरीज कधीच मिळत नाही. त्यातून मागची पोर्टं १०० एमबीपीएसची. आत १०० च येणार असतील तर हवेतून ८६७ कुठून देणार? गिऱ्हाईक फोन करतं, "दादा, प्लॅन ३०० चा आणि येतात ९४." ९४ आकडा आला की मी फोनवरच सांगतो, कुठेतरी १०० ची गाठ बसली आहे.

आणि ही गाठ केबलमध्येही असते. लॅन केबलीत आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. म्हणून केबलच्या टोकाचा जॅक नीट क्रिंप झाला नाही, म्हणजे दाबून पक्का बसला नाही, एखादी तार आत टेकली नाही, तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. मागच्या महिन्यात एका घरी दोन राऊटर बदलून झाले होते. जॅक उजेडात धरला तर तपकिरी तार इतरांपेक्षा दोन मिलिमीटर आखूड. जॅक कापून नवा मारला, २८० आले. सगळा खर्च चहासकट पन्नास रुपये.

तेव्हा ताई, केबल टाका हे बरोबर, पण टाकल्यावर लिंक १००० दाखवते का ते बघा. आणि घाटमाथा, नवा घ्यायचाच तर सगळी पोर्टं गिगाबिट आहेत का हे आधी वाचा, अँटेना नंतर मोजा.

सातवा मजला, हिंजवडी

इथे सगळे स्वतःच्या घरात राहणारे दिसतात. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मालकाने करारातच लिहून घेतलंय, भिंतीला खिळा नाही. सगळ्या काँक्रीटच्या भिंती. केबल दारांखालून न्यायची तर घरात रांगतं बाळ आहे. मी दोन डब्यांचं मेश (एक डबा दुसऱ्याला बिनतारी नेट पुढे देतो) घेतलं, बेडरूममध्ये ३० चे ११० झाले. मीटिंगमध्ये आवाज तुटत नाही, मला तेवढंच हवं होतं. केबलच खरी आणि बाकी पैसे वाया, असं कृपा करून म्हणू नका. घर सोडताना मेश पिशवीत घालून नेता येतं.

तारजोड

तुमच्या घरात मेशच बरोबर. फक्त दुसरा डबा कुठे ठेवलाय? लोक तो जिथे नेट येत नाही तिथेच ठेवतात. त्यालाच मिळत नसेल तर तो पुढे काय देणार? पहिल्यापासून अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून बरा आहे, तिथे ठेवा. दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये तोच पट्टा घ्यायलाही आणि द्यायलाही वापरला जातो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो, तेवढं धरून चाला.

सातवा मजला

बेडरूममध्येच आहे. उद्या पॅसेजमध्ये आणून बघतो.

किनारा, गुहागर

केबल टाका, केबल टाका वाचून लिहावंसं वाटलं. आमचं घर जांभ्याचं, चिऱ्याच्या भिंती चांगल्या जाड. पुढच्या पडवीतलं वायफाय माजघरातही येत नाही. अंगणापलीकडे नवऱ्याचं ऑफिस. गेल्या वर्षी अंगणावरून लॅन केबल ओढली, छान चालली. मे अखेरीस पहिल्या वळवाला वीज कडाडली, आमच्यावर नाही, लांब डोंगरावर. तरी राऊटरचं पोर्ट गेलं, ऑफिसमधला नेटचा स्विच (एका लॅन केबलवर अनेक यंत्रं जोडणारा डबा) गेला आणि कॉम्प्युटरचं लॅनही गेलं. तिन्ही त्या एका तांब्याच्या तारेला जोडलेले.

आता तेवढ्या टप्प्यात फायबर आहे, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा. काचेतून वीज येत नाही. फायबरसोबत आधाराची पोलादी तार येते, ती मात्र घराबाहेरच कापून टाकायला सांगा, आमच्याकडे आलेला माणूस तशीच आत नेत होता. आणि राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, अॅडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर बघून. पावसाळ्यात आमची लाईट दिवसातून चारदा जाते. तेव्हा वेग शून्यच असतो, राऊटर कितीही भारी असो.

अबोली

किनारा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी "केबल" म्हणते ते घराच्या आतपुरतं. दोन इमारतींमध्ये तांबं नको, हे माझ्या म्हणण्यात घालून घेते. भाड्याच्या घराबद्दलही मी जरा जास्तच ठाम बोलले.

पण घाटमाथा, तुमचे तिसऱ्या मजल्यावरचे २२ मी सोडणार नाही. वायफाय ६ घेऊनही २२ च!

घाटमाथा

काल रविवारी बसलो. राऊटर टीव्हीच्या मागे होता, तो काढून पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर ठेवला. तेवढी केबल घरात पडून होती. हॉलमध्ये २९० चे २४० झाले, तिसऱ्यावर २२ चे ९५. जागेने फरक पडतो हे लिहून देतो. पण जुना डबा त्याच वळणावर लावून पाहिला तेव्हा तिसऱ्यावर ९ आले, तेही लिहून ठेवा. माझ्या घरात दोन्ही लागलं.

आता तिसऱ्या मजल्यावर केबल नेऊन तिथे वेगळा अॅक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन वायफाय देणारा डबा) लावायचा विचार आहे. तारजोड, जिन्यातल्या लाईटच्या पाइपातून लॅन केबल नेली तर चालेल का?

तारजोड

नको. विजेच्या तारांबरोबर एका पाइपात लॅन घालू नका, धोक्याचं आहे. टीव्हीच्या डिशची जुनी केबल गच्चीवरून ज्या पाइपातून आली असेल तो मोकळा करा. त्याच जुन्या केबलला नवी बांधून ओढली की येते.