नायट्रेटचे उन्हात ‘विघटन’ की ‘अपघटन’?

समासटीप
एका विज्ञानलेखाचे संपादन करते आहे आणि एका वाक्यावर दोन दिवस अडले आहे: ‘सूर्याच्या उष्णतेमुळे पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटचे विघटन होऊन ते नष्ट होते.’ पहिल्या वाचकाने ‘विघटन’ खोडून ‘अपघटन’ केले, दुसरीने ‘विच्छेदन’, तिसऱ्याने समासात नुसते ‘विचरण?’ लिहून ठेवले. शब्दांत खरंच फरक आहे, की ज्याची त्याची सवय?

चिमटा
विचरण आधी बाद करा. मीठ पाण्यात पडले की सोडियम आणि क्लोराइड आयन (प्रभार असलेले कण) सुटे होतात, ते विचरण. सोडियम नायट्रेट विरघळले तेव्हाच त्याचे विचरण उरकले. ऊन लागते ते त्यानंतर, आणि तुटतो तो नायट्रेटच्या आतला नायट्रोजन-ऑक्सिजन बंध. (तसेही ‘विचरण’ म्हटले की मला आयन संध्याकाळचे फिरायला निघालेले दिसतात.)

परीक्षानळी
माझे मत अपघटन. विघटन चूक नाही, पण त्या शब्दाला कुजण्याचा वास लागला आहे. विघटक म्हटले की बुरशी आणि जिवाणू आठवतात. इथे तर गोंधळ आणखी वाढतो, कारण ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू नायट्रेटचा खरोखरच नायट्रोजन वायू करतात. वाचक तीच क्रिया समजून बसेल. उन्हाच्या कामात जिवाणूंचा संबंध नाही, शुद्ध पाण्यातही ते होते.

‘विच्छेदन’ जुन्या लिखाणात भेटते, विद्युत् विच्छेदन वगैरे. हल्ली शवविच्छेदनाने तो शब्द पळवला.

पण वाक्यातला खरा दोष ‘नष्ट होते’ हा आहे. प्रकाश शोषल्यावर नायट्रेटपुढे दोन वाटा असतात. एकीत ऑक्सिजनचा एक अणू सुटतो आणि नायट्राइट उरते. दुसरीत नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऋणप्रभारित ऑक्सिजन वेगळे होतात. हा ऑक्सिजन लगेच पाण्याकडून हायड्रोजन घेतो आणि हायड्रॉक्सिल तयार होते. नायट्रोजन डायऑक्साइडची पाण्याशी अभिक्रिया झाली की नायट्राइट मिळते, आणि सोबत पुन्हा नायट्रेट! नष्ट कसले, निम्मे घरी परत.

वेगही फार नाही. शोषलेल्या १०० फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) जेमतेम एखादे नायट्रेट तुटते. भोवतालच्या पाण्याच्या रेणूंचा पिंजरा असतो, तुटलेले तुकडे त्यात अडकून पुन्हा जुळतात.

समासटीप
मग उन्हात ठेवलेल्या पाण्यात बदल दिसतो तरी का?

परीक्षानळी
नुसत्या डोळ्यांना नाही. आम्ही नायट्रेटचे एकच द्रावण अतिनील किरण आत सोडणाऱ्या क्वार्ट्‌झच्या दोन नळ्यांत भरले, एक उघड्यावर ठेवली आणि दुसरी खिडकीच्या काचेआड. संध्याकाळी दोन्हींत नायट्राइट असले की गुलाबी होणारे अभिकर्मक घातले. उघड्यावरची नळी फिकट गुलाबी झाली. काचेआडची पांढऱ्या कागदावर धरली, तिरकी करून पाहिली, तरी रंग आहे असे शपथेवर सांगता येईना. दोघींना ऊन दिवसभर सारखेच मिळाले होते.

कारण असे की नायट्रेट सर्वांत जोरात शोषते ते २०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, पण तो प्रकाश जमिनीपर्यंत पोचतच नाही. दुसरा, अगदी दुबळा पट्टा ३०२ नॅनोमीटरच्या आसपास आहे. सूर्यप्रकाशाची अतिनील कड साधारण तिथेच सुरू होते, आणि खिडकीची काच नेमकी तीच कड खाते.

उंबरठा
मग आक्षेप ‘उष्णते’वरही घ्यायला हवा होता. हा घोळ मराठीचा स्वतःचा आहे. ‘ऊन’ हा शब्द ‘उष्ण’वरून आला, आपण ‘ऊन पाणी’ म्हणतो ते गरम पाण्याला. म्हणजे ऊन म्हणताच प्रकाश आणि ताप एकाच गाठोड्यात येतात. मूळ लेखकाने बहुधा मनात ‘उन्हाने’ म्हटले आणि लिहिताना भारदस्तपणासाठी त्याची ‘उष्णता’ केली. वाचकाला वाटेल, मग पाणी उकळले तरी चालेल. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते.

चिमटा
हे मान्य. लेखात पुढे हायड्रॉक्सिल येत असेल तर आणखी एक खड्डा आहे, ‘मूलक’. शाळेत आपण नायट्रेटलाच ‘संमिश्र मूलक’ म्हणून शिकलो, म्हणजे प्रभार असलेला अणूंचा गट. उन्हात तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिलवर मात्र प्रभार नसतो, असतो एकटा पडलेला इलेक्ट्रॉन. म्हणून तो इतका हावरा, पाण्यातल्या दुसऱ्या सेंद्रिय पदार्थांवरही तुटून पडतो. त्याला दर वेळी ‘मुक्त मूलक’च म्हणा. नुसते ‘हायड्रॉक्सिल मूलक’ लिहिलेत तर निम्मे वाचक प्रभार असलेला हायड्रॉक्साइड आयन समजतील, आणि चूक त्यांची नसेल.

उंबरठा
‘अपघटन’मध्येही एक फसगत आहे. काहींना त्यात ‘घट’ ऐकू येते, म्हणजे प्रमाण कमी होणे. शब्द घटक, संघटना यांच्या कुळातला आहे: जे जुळले होते ते सुटले. शब्द पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘बंध तुटून’ असे दोन साधे शब्द घाला.

समासटीप
असे केले आहे: ‘सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे पाण्यात विरघळलेल्या काही नायट्रेटचे बंध तुटून अपघटन होते आणि नायट्राइट तयार होते.’

परीक्षानळी
‘काही’ घातलेत ते बरे. फक्त तो ‘नायट्रेटचे बंध’मधला ‘चे’ आणि पुढचे ‘अपघटन’ एकमेकांत अडकतात. ‘बंध तुटून काही नायट्रेटचे अपघटन होते’ असा क्रम लावून पाहा.