मदत हवी आहे: धुऱ्यावरचा झाकणवाला कोळी नवीन असेल तर पुढं काय करायचं? (जेसीबी येतोय)

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण घाईचं काम आहे.

अचलपूर तालुक्यात आमचं पाच एकर वावर आहे. वावरात उभं राहिलं की मेळघाटचे डोंगर दिसतात. झूलॉजीत बीएस्सी करून मी शेतीत पडलो, त्यामुळे अर्धवट ज्ञान भरपूर. एप्रिलात पांदणीकडचा धुरा (बांध) साफ करताना खुरप्याच्या टोकाला मातीची एक टिकली उचकली. रुपयाच्या नाण्याएवढी, वर वाळलेलं शेवाळ, आणि एका बाजूनं रेशमाची बिजागरी! पुन्हा उचलायला गेलो तर आतून कुणीतरी झाकण ओढून धरलं. माणसानं दार दाबून धरावं तसं. झाकणाच्या आतल्या बाजूला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं होती, तिथंच तो दात रुतवून बसत असावा.

चाळीस फुटांच्या धुऱ्यावर अशी ३१ बिळं मोजली. एक उकरून काढला. काळपट, पाय आखूड नि जाड. भिंगातून पाहिलं तर आठपैकी दोन डोळे पार पुढं, तोंडाच्या काठावर, आणि बाकीचे सहा मागं एका टेकाडावर गोळा झालेले. नेटवर शोधलं, हुबेहूब असं काही सापडलं नाही.

आईला दाखवला. ती म्हणाली, "नवं काय त्याच्यात? मी लगनाच्या आंधीपासून पायतो."

आता अडचणी. एका संस्थेला फोटो पाठवले, महिना झाला, पोचसुद्धा नाही. गावातल्या एकानं तेच फोटो पेपरात छापून आणले, मथळ्यात "विषारी". दुसऱ्या दिवशी पोरांनी नऊ बिळांत रॉकेल ओतलं. आणि आता पांदण रस्ता रुंद करायला मंजुरी आलीय. मृगाच्या आत जेसीबी लागणार, म्हणजे तो धुरा राहत नाही.

नवीन आहे की नाही हे ठरवतं कोण? नाव आईचं देता येतं का? आणि जरा लाजत विचारतो: उकरलेला कोळी मी मोहाच्या दारूत ठेवलाय. घरात तीच होती.

पहाटवारा

पहिल्या धारेची असेल तर टिकेल भाऊ. कोळी नाही, तुम्ही.

जाळीदार

भाऊ, कोळ्यांवरच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दारू. आजच बदला. मोहाच्या दारूत पाणी जास्त, अल्कोहोल कमी, कोळी आतून सडतो. शरीररचना बघायला ७० ते ८० टक्के इथेनॉल लागतं. ते मिळेपर्यंत मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालेल. पुढचा नमुना घ्याल तेव्हा त्याचा एक पाय वेगळ्या कुपीत ९५ टक्क्यांच्या वर ठेवा, डीएनएसाठी. फॉर्मलिन अजिबात नको, त्यात डीएनए खराब होतो.

डोळ्यांचं वर्णन वाचून हा इडिओपिडी कुळातला वाटतो. एक काम करा. तिसऱ्या पायाच्या नडगीला वरच्या अंगानं, टोंगळ्याजवळ खोगीर ठेवावं तसा खळगा आहे का बघा. असला तर हेलिग्मोमेरस, नसला तर बहुधा इडिओप्स (ही प्रजातीगटांची नावं). इथपर्यंत भिंगानं जाता येतं.

प्रजाती मात्र फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही, सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कोळ्यांची प्रजाती जननेंद्रियांवरून ठरते. मादीच्या पोटातल्या वीर्यकोशांचा आकार आणि नराच्या पुढच्या स्पर्शपादाच्या टोकाचा कंद. पिल्लू असेल तर काहीच कळत नाही. एक सोय आहे: या गटातली मादी वाढ पूर्ण झाल्यावरही कात टाकते आणि कातीवर वीर्यकोशाचा ठसा असतो. बिळाबाहेर कात दिसली तर कचरा समजून टाकू नका.

आणि "नेटवर सापडलं नाही" म्हणजे नवीन नव्हे. २०२२ मध्ये जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांचा आकडा ५० हजारांवर गेला. आपल्याकडच्या कितीतरी प्रजाती पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाच्या काळात, म्हणजे १९००च्या आसपास, एखाद्या नमुन्यावरून चार ओळींत लिहिल्यात. तुमचा कोळी त्यातलाच एखादा असू शकतो. ते सगळं वाचायचं, मूळ नमुन्यांशी ताडायचं आणि मग नवीन म्हणायचं. वर्ष-दोन वर्षं सहज जातात. जुने प्रबंध वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगवर नाव नोंदवलं की फुकट मिळतात.

आईंचं म्हणणं खरंच आहे. कोळी जुनाच, कागदावर नवा.

धुऱ्यावरचा

ताई, खळगा आहे! दोनदा बघितला. दारू काढली, स्पिरिट घातलं. (दारू फेकली, पहाटवारा, विचारू नका.)

पण मग जेसीबीचं काय? वर्ष-दोन वर्षं तो थांबत नाही.

जाळीदार

थांबत नाही, म्हणून आज जमेल ते करा. प्रत्येक बिळाचा फोटो, खोली, झाकणाची जाडी, अक्षांश-रेखांश. दोन-तीन माद्या सबलीनं मातीच्या ढेकळासकट काढून बादलीत जिवंत ठेवा. आणि नर हवाच. एरवी तो दिसत नाही, पहिल्या पावसात बीळ सोडून मादी शोधत फिरतो. धुऱ्याच्या कडेला प्लास्टिकचे ग्लास काठापर्यंत जमिनीत पुरा आणि सकाळी बघा. उन्हाच्या आत बघा, नाहीतर मुंग्या खातात.

कुपीत चिठ्ठी टाका, पेन्सिलनं लिहिलेली. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते.

वाघूळ

चिठ्ठीला हलकं समजू नका. तुमच्या मेळघाटातल्या रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. १८७३ मध्ये नाव मिळालं, १८८४ नंतर पक्षी गायब. मध्ये मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं संग्रहालयातला जुना नमुना ढापून त्यावर १९१४, गुजरात अशी खोटी चिठ्ठी लावली. लोक चुकीच्या जागी शोधत बसले. शेवटी ती चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवरून शोध घेतला, तेव्हा १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. नंतर मेळघाटातही.

कायद्याचं: जैवविविधता कायदा २००२, कलम ३९. नवीन प्रजाती सापडली तर नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथं जमा करावा लागतो. महाराष्ट्रातलं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं, आकुर्डीचं केंद्र. परदेशातून कुणी गोड बोलून नमुना मागितला तर कुरिअर करू नका, त्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि वावर तुमचं आहे ते ठीक, पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत खुरपं घेऊन शिरू नका.

जाळीदार

नावाचं राहिलं. आईंचं देता येतं, बाईचं नाव असेल तर लॅटिनमध्ये शेवटी "ae" लागतं, पुरुषाचं असेल तर "i". २०२१ मध्ये तुकाराम ओंबळेंच्या नावानं उडी मारणाऱ्या कोळ्याला आयसियस तुकारामी म्हटलं, ते असंच. मराठी शब्दही चालतो. २०१६ मध्ये सरड्यांच्या एका प्रजातीगटाचं नावच "सरडा" ठेवलं गेलं. नाव देण्याचा हक्क शोधनिबंध लिहिणाऱ्यांचा. नमुने, मोजमापं, निरीक्षणं तुमची असतील तर लेखकांत तुमचं नाव असलं पाहिजे, हे आधीच बोलून घ्या. नंतर बोलायला संकोच होतो, अनुभव आहे.

फक्त ठरवलेलं नाव पेपरवाल्याला आत्ता सांगू नका. वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला शास्त्रात नोमेन नूडम म्हणतात, शब्दशः नागडं नाव. त्याला काही किंमत नसते.

धुऱ्यावरचा

अपडेट. जेसीबी परवा आला. सरपंचांना घेऊन ड्रायव्हरशी बोललो, त्यानं दहा फुटांचा तुकडा सोडून पलीकडच्या बाजूनं माती ओढली. बाकी धुरा गेला. चार माद्या बादलीत आहेत. आई रोज सांजच्याला पाण्याचा हबका मारते नि वरून मलाच बोलते.

काल रात्री पहिली सर आली. नऊ ग्लास पुरले होते, सातव्यात सापडला. पाय लांब, अंग सडपातळ, आणि पुढचे दोन स्पर्शपाद टोकाला फुगलेले, मुद्गल धरल्यासारखे. पेन्सिल घेऊन बसलोय. गावाचं नाव लिहू की गट नंबर?

जाळीदार

दोन्ही. तालुका, जिल्हा, तारीख, अक्षांश-रेखांश, आणि "वेचणारा" म्हणून तुमचं नाव. आईंचं पण.