शब्दचर्चा : 'वाँटिंग' आणि 'लायकिंग'ला मराठीत काय म्हणावं?

व्यसन आणि मेंदू यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली मांडलं की एखादी गोष्ट हवीशी वाटणं (वाँटिंग) आणि ती आवडणं (लायकिंग) या मेंदूतल्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढतेच असं नाही. मी 'इच्छा' आणि 'आवड' वापरलं, तर 'इच्छा नसतानाही इच्छा होते' असं वाक्य तयार झालं. दुसरे शब्द सुचतात का?

प्रतिसाद

पहिल्यासाठी 'तलफ'. इच्छा आपण 'धरतो', 'बाळगतो'. तलफ 'येते', आणि मग ती 'भागवावी' लागते, तहानेसारखी. माणसाच्या निर्धाराला न विचारता ती येते, हे क्रियापदातच आलं.

'आवड' मात्र मला पटत नाही, कारण आवडीत ओढही मिसळलेली असते. मराठीत याहून नेमकी जोडी आहे: 'गोड लागणं' आणि 'गोडी लागणं'. बेरिज यांच्या प्रयोगांत ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन (मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन) जवळजवळ नाहीसं केलं होतं, ते समोरचं अन्न खायला जात नसत. पण साखरेचं पाणी तोंडात घातलं की नेहमीसारखेच जिभल्या चाटत. म्हणजे गोड लागत होतं, गोडी उरली नव्हती. व्यसनात याच्या उलट घडतं.

म्हणूनच डोपामाइनला 'आनंदाचं रसायन' म्हणू नका, कळकळीची विनंती. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतल्या माकडांमध्ये डोपामाइनच्या पेशी आधी रस मिळाल्यावर उत्तेजित होत. रसाआधी नेहमी दिवा लागतो हे माकडं शिकली, तेव्हा त्या दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावत. याला 'चाहूल' म्हणावंसं वाटतं.

प्रतिसाद

'तलफ' उत्तम. त्याच लेखात 'डिपेंडन्स' आलं असेल, तर त्याला 'व्यसनाधीनता' लिहू नका. माझ्या वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन दिलं होतं. घरातल्यांनी 'व्यसन लागेल' म्हणून डोस लांबवले, आणि ते कळवळत राहिले. शरीराला औषधाची सवय होते, ते एकदम थांबवलं तर त्रास होतो, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. हे अवलंबित्व. नुकसान दिसत असूनही तलफेमागे फरफटत जाणं हे व्यसन. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं २०१३ च्या आवृत्तीत 'डिपेंडन्स' हे निदानाचं नाव सोडलं, त्यामागे हा घोळही होता.

प्रतिसाद

पण 'व्यसनी' म्हटलं की दोष माणसाच्या चारित्र्यावर जातो, त्याचं काय? संस्कृतात 'व्यसन'चा एक अर्थ संकट, आपत्ती असाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण राज्यावर येणाऱ्या व्यसनांबद्दल आहे. इंग्रजी 'ॲडिक्शन'च्या मुळाशी लॅटिन 'अ‍ॅडिक्टस' आहे: कर्ज फिटलं नाही म्हणून सावकाराच्या ताब्यात दिलेला माणूस. आपलं 'आहारी गेलेला' त्याच्या बरंच जवळ जातं.

मूळ प्रश्नकर्ती

'तलफ', 'गोड लागणं' आणि 'अवलंबित्व' घेतले. शीर्षकात 'व्यसन' राहील, पण लेखात 'व्यसनी' जिथे जिथे आहे तिथे 'व्यसन जडलेली व्यक्ती' करते आहे. मॉर्फिनचा परिच्छेद आज पुन्हा लिहिते. त्यात मी 'व्यसनाधीन रुग्ण' असंच लिहून ठेवलं होतं.