तंबूखाली काय अंथरता? हलकं आणि स्वस्त सांगा

पायपीट_पुणे
दिवाळीनंतर पाचनईला भात कापलेल्या खाचरात तंबू लावला. धसकटं इतकी टोकदार की सकाळी तंबूच्या तळाला दोन भोकं. पुढच्या वेळी घरातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स नेला. भरला ८०० ग्रॅम! वर निसरडा. जागा जराशी उताराची होती, तर पहाटेपर्यंत आम्ही दोघं दादांच्या कपाळावरून घसरत त्यांच्या जोडलेल्या हातांपर्यंत पोचलो होतो. तंबूचा तळ ७ बाय साडेचार फूट. खर्च दोनशेच्या आत बसवा.

गडी_एकटा
१२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम) ताडपत्री घे, विषय संपला. एवढ्या मापाला साधारण ३५० ग्रॅम.

टोमॅटोवाला_नारायणगाव
फ्लेक्स कसला नेताय राव! मल्चिंग पेपर घ्या. आमच्याकडे टोमॅटोच्या बेडवर अंथरतात तोच प्लास्टिकचा कागद, ३० मायक्रॉनचा. पन्ना ४ फुटी येतो, म्हणजे तुमच्या तंबूला रुंदीत कापायचीही गरज नाही. साडेसहा फूट तुकडा ७० ग्रॅमसुद्धा भरत नाही. अख्खा रोल ४०० मीटरचा असतो, तो घेऊ नका. ओळखीच्या शेतकऱ्याकडे शेवटचा उरलेला तुकडा असतोच, चहावर मिळेल. फक्त बिनहोलचा मागा, नाहीतर रोपांची भोकं मोजत झोपाल.

कागद तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं आतच हवा. बाहेर डोकावला की तंबूवरून ओघळलेलं पाणी त्याच्यावर झेललं जातं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. मी हे तोरण्याच्या वाटेवर रात्री दोन वाजता शिकलो. बांधायला भोक पाडू नका, तिथूनच फाटतो. कोपऱ्यात सुपारीएवढा गोटा घालून कागद पिळा आणि त्याच्या मानेला दोरी आवळा.

धसकटांपुढे मात्र हा टिकणार नाही, आधीच सांगतो. खाचरात झोपायचंच असेल तर मालकाला विचारून खाली पेंढा पसरा. किंवा बांधावर झोपा ना!

जर्सीकर
इथे अमेरिकेत बरेच जण टायवेक वापरतात, घराच्या भिंतींना बाहेरून गुंडाळायचा कागद. तुमच्या मापाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. नवा असताना कडकडीत; साबण न घालता मशीनमध्ये एकदा फिरवला की कापडासारखा होतो. थंडीत खिडक्यांना लावायची पारदर्शक फिल्म त्याहून हलकी, पण ती गरम हवेने आकसते. शेकोटीजवळ नेऊ नका.

पायपीट_पुणे
मल्चिंगच. मामा ओतूरला आहेत, विचारतो. कूस बदलली की आवाज करतो का हो?

टोमॅटोवाला_नारायणगाव
करतो की. पण तुमच्या जोडीदाराच्या घोरण्यापुढे काय ऐकू येणार! फाटला तर चिंध्या खाली घेऊन या, तिथे जाळू नका. आणि ओतूर आमच्या शेजारीच, मामांकडे नसला तर इकडे या.