मकतबच्या पोरांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकावेत का?

खाडीकाठची_अम्मी: आमच्या मकतबचा, म्हणजे पोरांना कुराण पढायला शिकवतात त्या वर्गाचा, व्हॉट्सॲप ग्रुप २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सबक (धडे) पाठवायला काढलेला, तो तसाच चालू आहे. परवा उस्तादांनी माझ्या ९ वर्षांच्या मुलाचा व्हिडिओ टाकला, त्याने अरबीतल्या क़ाफ अक्षराच्या जागी काफ म्हटला, म्हणजे क़ल्बचं कल्ब झालं, हृदयाचा कुत्रा झाला. बाकीच्यांना चूक कळावी एवढाच त्यांचा हेतू, पण कुणीतरी ती क्लिप हसरे इमोजी लावून स्टेटसला ठेवली आणि मुंबईहून नणंदेचा फोन. आता मकतबचं नाव काढलं की पोराच्या पोटात दुखतं. बंद करा ना हे!

कुवेतवाला: आपा, वाईट झालं, पण बंद करा म्हणू नका. मी दोन वर्षांतून एकदा घरी येतो. मुलगी कायद्यावरून (अरबी अक्षरं शिकायचं पहिलं पुस्तक) कुराणवर आली ते मी ड्युटीवरून येऊन बूट पण न काढता ग्रुपवर बघितलं. स्टेटसवाल्याला हाकला की.

खाडीकाठची_अम्मी: त्याला हाकलून बाहेर गेलेली क्लिप परत येते का? तुमच्या मुलीचं तुम्हाला एकट्याला पाठवू देत.

मी_पण_उस्ताद: ४० पोरं, ४० बाप, एकेकाला पाठवत बसलो तर शिकवू कधी? आणि खरं बोलू का, कमिटीला व्हिडिओ चंद्यासाठी पण लागतात, पोरं पढताना दिसली की रमजानमध्ये गल्फमधून हात सैल सुटतो. शरम वाटते सांगायला पण असंच चालतं.

दाभोळकर७: म्हणजे पोराच्या तोंडावर चंदा?? कुराणातल्या सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत कुणाची टिंगल करू नका आहे, ६ वीत खबर आली की आधी तपासा, दोन्ही मकतबमध्ये शिकवता आणि ग्रुपवर रोज "इल्मसाठी (ज्ञानासाठी) चीनला जावं लागलं तरी जा" हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, म्हणून फॉरवर्ड! ती हदीसच्या संग्रहांपैकी ना बुखारीत ना मुस्लिममध्ये, हदीसवाले तिला जईफ (कमजोर) म्हणतात, कित्येक तर मनगढंत. पोराचा एक हर्फ (अक्षर) चुकला तर गावभर, मोठ्यांच्या फॉरवर्डला सनद, म्हणजे ते कुणाकुणाकडून आलं, कोण विचारतं?

मी_पण_उस्ताद: फॉरवर्डचं कबूल, मी पण केलंय ते. पण मखरज (अक्षर तोंडात कुठून उच्चारायचं ते) तोंड बघितल्याशिवाय शिकवता येत नाही हो.

दाभोळकर७: समोर बसवून बघा की तोंड. ग्रुपवर नुसता आवाज टाका, नाव नको, तो पण बरोबर पढलेला.

कुवेतवाला: आवाज ठीक आहे भाई. पण पढताना ती पुढेमागे डोलते ना, ते आवाजात कुठे दिसणार.