शब्दचर्चा: 'संतत', 'अखंड' आणि मध्येच आलेला 'प्रांत'

दादरवासी:
मुलगा यंदा बारावीला. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेज इंग्रजी. कंटिन्युअस फंक्शन त्याला मराठीत समजावायचं म्हणून माझं जुनं पुस्तक काढलं, तर 'संतत फल'. 'संततधार' सोडून हा शब्द मला कुठे भेटलेला नाही. सरळ 'अखंड' का नको? आणि त्याच्या क्लासच्या नोट्समध्ये १/क्ष 'शून्यापाशी असंतत' असं लिहिलंय. बरोबर आहे का ते?

पार्लेकरीण:
सम् + तत. तन् म्हणजे ताणणे. तंतू, संतती त्यातलेच. 'सतत' इथे चालणार नाही. 'तो सतत फोन करतो' म्हणतो तेव्हा तो मध्ये जेवतो, झोपतोही. 'अखंड' कानाला गोड आहे, पण तो फसवेल. १/क्ष चा आलेख दोन तुकड्यांत असतो आणि तरी ते फल संतत असतं, असं माझ्या बाई सांगायच्या. का, ते जाणकारांनी सांगावं.

मुलुंडचा मास्तर:
बाई बरोबर होत्या. सगळी मेख 'प्रांत' या शब्दात आहे. डोमेनला, म्हणजे ज्या संख्या घातल्या की फलाची किंमत निघते त्या सगळ्यांना मिळून, आपण प्रांत म्हणतो, आणि 'तो माझा प्रांत नाही' या बोलण्यातला अर्थच इथे लागू पडतो. परिमेय फल म्हणजे एका बहुपदीला दुसरीने भागणं. छेद जिथे शून्य होतो त्या संख्या प्रांताबाहेर. उरलेल्या प्रत्येक बिंदूपाशी फल संतत असणारच, कारण बहुपदी सगळीकडे संतत असतात आणि छेद शून्य नसेल तर भागाकाराने सांतत्य मोडत नाही. १/क्ष च्या प्रांतात शून्य नाहीच. विरार लोकल कुर्ल्याला थांबली नाही म्हणून कोणी तक्रार करतं का? 'शून्यापाशी अव्याख्यात' म्हणा. (परीक्षेत मात्र पुस्तकातली व्याख्या बघून लिहू दे. फल अव्याख्यात असेल तिथेही त्याला 'असंतत' म्हणणारी पुस्तकं आहेत.)

पोरं घसरतात ती दुसरीकडेच. (क्ष² − ४)/(क्ष − २) दिसलं की आधी काटाकाट. क्ष + २ उरतं, आणि 'प्रांत: सर्व वास्तव संख्या' लिहून मोकळी. अहो, काट मारली म्हणून २ आत येत नाही! प्रांत मूळच्या छेदावरून ठरतो. आलेख सरळ रेषाच, फक्त (२, ४) या जागी भोक. क्ष/(क्ष² + १) मध्ये छेद शून्य होतच नाही, तिथे प्रश्न मिटला.

पार्लेकरीण:
म्हणजे छेदानेच छेद दिला! जाता जाता: प्र + अन्त, म्हणजे 'प्रांत'चा मूळ अर्थ कड, सीमा. मुलूख हा अर्थ मागाहूनचा.

दादरवासी:
आत्ताच चिरंजीवांना (क्ष + ३)/(क्ष² − ९) घातलं. म्हणाला, फक्त ३ बाहेर. मी विचारलं, आणि उणे ३? तर म्हणतो, "बाबा, तो कटला ना!"